आयोवातलं फेअरफिल्ड: काउंटी सीट म्हणजे तालुका की जिल्हा? आणि तिथे राहता येईल का?

मुळशीकरीण | ९ मार्च, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नवऱ्याला आयोवातल्या फेअरफिल्डला महर्षी इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीत (ध्यानवाल्या महर्षी महेश योगींची) कॉम्प्युटरच्या मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळतेय. ऑगस्टमध्ये निघायचं. बरोबर मी आणि पहिलीतली लेक. वय वर्षं ३७ ला हे काय काढलं असं दोन्हीकडच्या घरी विचारून झालंय, त्यामुळे ते कृपया इथे नको.

२०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ९,४१६. आमच्या सोसायटीच्या चारही फेजा धरल्या तर साधारण एवढी माणसं भरतील. पण जिथे वाचावं तिथे पहिल्याच ओळीत लिहिलेलं की हे जेफरसन काउंटीचं काउंटी सीट आहे. म्हणजे नक्की काय? जिल्ह्याचं ठिकाण का तालुक्याचं? साबांना (सासूबाईंना) वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या सीट म्हणजे बसायची जागा ना, मग उभं राहायचं असेल तर कुठे जायचं.

तिथे कोणी राहिलंय का? नऊ हजारांच्या गावात माणूस करतो काय दिवसभर? शाळा, थंडी, भाजी, गाडीशिवाय जमतं का, काहीही सांगा.

---

टवाळ_टिकोजी | ९ मार्च, रात्री १०.३१

साबा नंबर वन. धागा त्यांनीच काढायला हवा होता.

---

कणसातला_माणूस | ९ मार्च, रात्री ११.५०

आयोवात ११ वर्षं झाली. आता सीडर रॅपिड्सला आहे, आधी तीन वर्षं ऑटमवाला होतो, फेअरफिल्डपासून पश्चिमेला ४० किमी, त्यामुळे सांगू शकतो.

आयोवात ९९ काउंट्या. प्रत्येक काउंटीचं सरकारी काम ज्या गावातून चालतं ते काउंटी सीट. तिथे कोर्टहाउस असतं. कोर्टहाउस म्हणजे नुसतं कोर्ट नव्हे हं, हा घोळ मी पहिलं वर्षभर घातला. गाडी घेतली तर नोंदणी काउंटी ट्रेझररकडे. घरपट्टी पण त्याच्याकडेच, वर्षातून दोनदा, सप्टेंबर आणि मार्च. घर-जमीन घेतली तर दस्त रेकॉर्डरकडे, लग्नाचं लायसन्स रेकॉर्डरकडे, आणि मासे धरायचं लायसन्सही तिथेच, म्हणजे दोन्ही गळ एकाच खिडकीत. निवडणुका ऑडिटर घेतो. शेरिफ वेगळा, तुरुंग त्याच्याकडे. शहराचे पोलीस वेगळे. आणि यातले बहुतेक लोक मतं मागून निवडून येतात, खजिनदारसुद्धा. उन्हाळ्यात लोकांच्या अंगणात पाट्या दिसतात, अमक्याला ट्रेझरर करा, तमक्याला शेरिफ करा.

काउंट्या एवढ्या लहान का, तर त्या आखल्या तेव्हा घोडागाडीचा जमाना. शेतकऱ्याने सकाळी निघावं, कोर्टहाउसात काम उरकावं आणि दिवेलागणीला घरी परत यावं असा साधारण हिशेब. मोटारी आल्या, हमरस्ते आले, काउंट्या आहेत तिथेच. त्यामुळे दर तीस-चाळीस किलोमीटरवर एक कोर्टहाउस आणि भोवती एक गाव. ऑटमवा वापेलो काउंटीचं, फेअरफिल्ड जेफरसनचं, पूर्वेला माउंट प्लेझंट हेन्रीचं. मणी ओवल्यासारखे, सगळे हायवे ३४ वर.

गाडीशिवाय जमतं का, तर नाही. विषय संपला.

---

निवृत्त_मामलेदार | १० मार्च, सकाळी ६.०५

महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, त्यामुळे तालुका की जिल्हा हा प्रश्न माझ्या पट्टीतला आहे.

मी रात्री आकडे बघितले. जेफरसन काउंटी ४३७ चौरस मैल, म्हणजे ११३० चौरस किलोमीटरच्या आसपास. आपल्या एखाद्या मध्यम तालुक्याएवढी. लोकसंख्या मात्र १५,६६३! आता गंमत बघा, पुणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या जिल्ह्यात जेवढे चौरस किलोमीटर तेवढीच तिथे माणसं. एकेकाला एकेक किलोमीटर वाटून दिला तरी वीस जण उभेच राहतील. साबाईंच्या शंकेचं उत्तर इथे मिळालं.

क्षेत्र तालुक्याचं, माणसं एका मोठ्या गावाची आणि अधिकार जिल्ह्याचे. रेकॉर्डर म्हणजे दुय्यम निबंधक. आणि कलेक्टर कोणी नाहीच! वरून नेमलेला माणूसच नाही. बदलीची भीती नाही. सगळे निवडून आलेले. मला हे वाचून रात्री नीट झोप लागली नाही. खजिनदाराने मतं मागायची म्हणजे वसुली कोण करणार?

---

कणसातला_माणूस | १० मार्च, सकाळी ७.२०

काका, वसुली होते. थकवलीत तर व्याज चढतं, आणि पुढे थकबाकीचा जाहीर लिलाव होतो, तोही ट्रेझररच करतो. मतं मागणारा हात आणि वसूल करणारा हात एकच.

---

एडिसनकर | १० मार्च, सकाळी ८.४४

मी १५ वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. आमची काउंटी मिडलसेक्स आणि काउंटी सीट न्यू ब्रन्सविक, हे मला केव्हा कळलं? ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे कोर्टात पंच म्हणून बसायला बोलावणारं पत्र आलं तेव्हा. तोपर्यंत काउंटी म्हणजे हवामानाच्या इशाऱ्यात येणारा शब्द. त्यामुळे ताई, सगळ्या अमेरिकेत हे एवढं महत्त्वाचं असतं असं नाही.

---

रेवा_कनेटिकट | १० मार्च, सकाळी ९.०२

आमच्याकडे तर काउंटी सरकार १९६० लाच मोडीत काढलं. नकाशावर काउंट्या आहेत, कारभार नाही. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. एक देश, बारा भानगडी.

---

कापूसकोंड्या | १० मार्च, सकाळी ११.१५

टेक्सास हजर आहे. आमच्याकडे २५४ काउंट्या, आयोवाच्या लोकांनी उगाच ९९ चा तोरा मिरवू नये :)

ऑस्टिनजवळ लॉकहार्ट म्हणून गाव आहे, कॉल्डवेल काउंटीचं काउंटी सीट. १८९४ चं कोर्टहाउस आहे, चौकाच्या बरोब्बर मध्ये, घड्याळाचा मनोरा वगैरे, चार बाजूंनी रस्ता आणि रस्त्यापलीकडे दुकानांच्या रांगा. देवळाभोवती प्रदक्षिणा मारतात तशी गाडी एका दिशेने फिरवायची. लोक तिथे बार्बेक्यू खायला जातात, मीही त्यासाठीच गेलो, पण जास्त वेळ कोर्टहाउसच बघत बसलो. आपल्याकडे गावाच्या मध्यभागी देऊळ किंवा वेस किंवा पार. यांच्याकडे कचेरी.

---

कणसातला_माणूस | १० मार्च, दुपारी १२.०३

९९ चा तोरा नाही, पण काउंट्या ९९ आणि काउंटी सीट्स १०० हे टेक्सासला जमणार नाही. ली काउंटीला दोन आहेत, फोर्ट मॅडिसन आणि कीओकक. दोन कोर्टहाउस.

---

टवाळ_टिकोजी | १० मार्च, दुपारी १२.१०

दोन घरचा पाहुणा उपाशी. दाखला मागायला गेलं की ते म्हणणार कीओककला जा, कीओककवाले म्हणणार फोर्ट मॅडिसनला जा. मामलेदार काका, हे तुमचंच खातं वाटतंय.

---

ब्लॉकवाला | १० मार्च, रात्री ९.३०

ताई, मी त्याच कोर्सला होतो. २०१६ च्या जानेवारीत पोचलो, हे आधी सांगतो कारण जानेवारीत जाऊ नका. विमानतळ सीडर रॅपिड्सचा, तिथून दीड तास दोन्ही बाजूंना पांढरं सपाट काहीतरी, मला वाटलं समुद्र गोठलाय. ड्रायव्हर म्हणाला शेतं आहेत.

कोर्सची पद्धत अशी की एका वेळी एकच विषय, साधारण महिनाभर, मग पुढचा. त्याला ब्लॉक म्हणतात. काही महिने कॅम्पसवर शिकायचं, मग अमेरिकेत कुठेतरी कंपनीत पगारी काम, उरलेले विषय दुरून, आणि पगारातून फीचं कर्ज फेडायचं. म्हणजे ताई, तुम्ही फेअरफिल्डला फार तर वर्षभर असाल, नंतर नवऱ्याला काम मिळेल त्या गावी. हा मुद्दा घरी बोलून घ्या, लेकीची शाळा मध्येच बदलणार. आणि हो, सकाळ-संध्याकाळ ध्यान हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, ऐच्छिक नाही. माझ्या वर्गात नेपाळ, इथिओपिया, इजिप्त, मंगोलिया इथली मुलं होती, सगळे प्रोग्रॅमर, सगळ्यांचं कर्ज, सगळे डोळे मिटून. कोणाचं ध्यान लागत होतं आणि कोण व्याज मोजत होतं ते देवाला ठाऊक.

जेवण मात्र विचारू नका. कॅम्पसची अन्नपूर्णा नावाची खानावळ, पूर्ण शाकाहारी, सेंद्रिय. कणसं आणि डुकरं पिकवणाऱ्या आयोवाच्या मधोमध रोज वरण-भात मिळतो हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. मीठ कमी असतं. लोणचं न्या.

---

ओंडका | १० मार्च, रात्री १०.१५

हे सगळं ठीक आहे पण ती ध्यानवाली भानगड नीट सांगा की. तिथे लोक उडतात म्हणे?

---

ब्लॉकवाला | १० मार्च, रात्री १०.४०

उडतात म्हणजे मांडी घालून गादीवर बेडकासारख्या उड्या मारतात. त्यासाठी दोन सोनेरी घुमट आहेत, पुरुषांचा १९८० चा, बायकांचा १९८१ चा. ते कोर्सच्या मुलांना करावं लागत नाही, वेगळं शिकावं लागतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास गावातल्या निम्म्या गाड्या घुमटाकडे वळतात, त्या वेळी कोणाला फोन करून उपयोग नाही, दुकानदारालाही नाही.

---

जुनीपुराणी | ११ मार्च, दुपारी २.२०

मला अमेरिकेतल्या छोट्या गावांचा इतिहास वाचायचं खूळ आहे, गेले कधीच नाही, तिकीट कोण देणार. पण फेअरफिल्ड फार मजेदार गाव आहे, महर्षींच्या आधीपासून, आणि लोक घुमटांवरच थांबतात म्हणून लिहितेय.

गाव वसलं १८३९ ला. आयोवा राज्य म्हणून १८४६ ला संघात आलं, म्हणजे गाव राज्यापेक्षा थोरलं. १८५४ मध्ये आयोवाची पहिली राज्य जत्रा इथे भरली, जी आता डे मॉइनला भरते आणि जगभर प्रसिद्ध आहे. त्या पहिल्या जत्रेत बायकांच्या घोडेस्वारीची स्पर्धा होती. बक्षीस सोन्याचं घड्याळ. एक १३ वर्षांची पोर अशी काही दौडली की लोक वेडे झाले, पण परीक्षकांनी घड्याळ दुसरीला दिलं. मग लोकांनी तिथेच वर्गणी काढून त्या पोरीला पैसे दिले, शिक्षणासाठी. परीक्षकांचं कोणी ऐकायचं नाही ही परंपरा तेव्हापासूनची.

मग विल्यम लाउडन नावाचा माणूस. सुकं गवत गोठ्याच्या माळ्यावर चढवायला वर रूळ बसवून त्यावरून सरकणारं यंत्र काढलं, पेटंट १८६७ चं. तोपर्यंत सगळं पिचफोर्कने, म्हणजे लांब दांड्याच्या काट्याने, खांद्यावरून. त्यांच्या कंपनीने पुढे गोठ्यांचे आराखडे काढून द्यायला सुरुवात केली, हजारो गोठे. अमेरिकेचा तो चित्रातला लाल गोठा डोळ्यासमोर येतो ना, त्यात या गावचा हात आहे. आणि ब्लॉकवाला, तुम्ही लॉन्ड्रोमॅटमध्ये कपडे धुतले असतील तर मशीनवर डेक्स्टर लिहिलेलं बघितलं असेल, ते पण फेअरफिल्डचं.

आणि लायब्ररी. पोलादसम्राट कार्नेगीने पुढे शेकड्यांनी लायब्रऱ्या बांधून दिल्या, पण ज्या गावांशी त्याचा धंद्याचा काही संबंध नव्हता अशा गावांना दिलेल्या अगदी पहिल्या काहींमध्ये फेअरफिल्डची, १८९३. जेम्स विल्सन नावाच्या इथल्या सिनेटरने गाठून पैसे काढले. आज त्या इमारतीत संग्रहालय आहे.

आता कॉलेज. १८७५ ला पार्सन्स कॉलेज सुरू झालं, प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचं. १९५५ ला मिलार्ड रॉबर्ट्स अध्यक्ष झाले आणि त्यांनी ठरवलं की बाकीच्या कॉलेजांनी काढून टाकलेल्या पोरांना आपण घ्यायचं. साडेतीनशेवरून पाच हजारांवर पोरं गेली! गावात लोक किती, पोरं किती. १९६६ मध्ये लाइफ मासिकाने नापासांचं विद्यापीठ अशा अर्थाचं नाव ठेवून लेख छापला, पुढच्या वर्षी मान्यता गेली, अध्यक्ष गेले, आणि १९७३ ला दिवाळं. एका छोट्या गावाचं कॉलेज बुडणं म्हणजे साखर कारखाना बंद पडण्यासारखं. खोल्या रिकाम्या, खानावळी रिकाम्या. अशा वेळी १९७४ ला कॅलिफोर्नियाहून महर्षींची माणसं आली आणि त्यांनी ते आवार घेतलं, किंमत २५ लाख डॉलर.

म्हणजे कोणाला वाटेल साधूंनी गाव बळकावलं, तसं नाही. जागा रिकामी होती.

---

मुळशीकरीण | ११ मार्च, रात्री ९.०५

जुनीपुराणी ताई _/\_ साखर कारखान्याचं वाचून एकदम कळलं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला नापासांचं विद्यापीठ हे नाव आईला सांगू नकोस.

---

ओंडका | ११ मार्च, रात्री ९.४८

जागा रिकामी होती हे खरं, पण जुन्या गावकऱ्यांना काय वाटलं हेही लिहा ना. महर्षींच्या लोकांनी जुन्या पार्सन्सच्या इमारती पाडल्या. चॅपल (प्रार्थनाघर) होतं १९११ चं, ते २००१ मध्ये पाडलं. का, तर वास्तूत बसत नाही! आपण इथे वास्तुवाल्यांना हसतो आणि तिथे अमेरिकन लोक दक्षिणेचं दार बुजवून पूर्वेला पाडतात.

---

कणसातला_माणूस | ११ मार्च, रात्री १०.३०

हे खरं आहे. मी तिथल्या एका घरी जेवायला गेलो होतो, यजमान नेब्रास्काचा गोरा माणूस, घराचं दार रस्त्याकडे नाहीच, फिरून मागे जायचं, कारण रस्ता पश्चिमेला. छपरावर सोनेरी कळस. मी विचारलं का, तर त्याने मला स्थापत्य वेद, म्हणजे त्यांचं वास्तुशास्त्र, समजावला. मी सदाशिव पेठेतला, दक्षिणमुखी वाड्यात २५ वर्षं काढलेली, मान डोलावत राहिलो.

उत्तरेला लागून तर आख्खं वेगळं शहर आहे, महर्षी वेदिक सिटी, २००१ ला रीतसर नोंदलेलं, सगळी घरं पूर्वेकडे तोंड करून. पण गंमत म्हणजे कागदपत्रांना त्यांनाही फेअरफिल्डच्या कोर्टहाउसातच यावं लागतं, कारण काउंटी तीच.

चॅपलचं दुःख जुन्या लोकांना आहे. कॉलेजचे माजी विद्यार्थी, तिथे लग्नं झालेली. एकदा हाय-वी या किराणा दुकानाच्या रांगेत एका आजोबांनी मला, ओळख ना पाळख, चॅपलची गोष्ट सांगितली होती. मी भारतीय दिसतो म्हणून मला जबाबदार धरलं की काय कोण जाणे. सुरुवातीला दोन गट होते, ध्यानवाल्यांना गावकरी म्हणायचे रूज, म्हणजे गुरू मधला पुढचा भाग उडवून.

---

टवाळ_टिकोजी | ११ मार्च, रात्री १०.३४

पुढचा भाग उडवला ते बरंच केलं.

---

जुनीपुराणी | ११ मार्च, रात्री १०.५०

टिकोजी :D :D

१९८३ च्या डिसेंबरात तिथे सात हजार ध्यानवाले एकत्र जमले होते, आयोवाच्या हिवाळ्यात. त्यांच्या राहण्यासाठी घाईघाईने ट्रेलर घरं उभी केली. गावकऱ्यांनी तेव्हाच हात टेकले असणार.

पण मग काही लोक तिथेच राहिले, आणि नुसतं डोळे मिटून पोट भरत नाही म्हणून त्यांनी धंदे काढले. छपाई, सॉफ्टवेअर, आर्थिक सल्ला. हळूहळू मुलं एकाच शाळेत, एकाच बेसबॉल टीममध्ये. २००१ पासून २०१९ पर्यंत गावचा महापौर ध्यानवाल्यांपैकी होता, एड मॅलॉय, आणि टाउनीजनीही, म्हणजे जुन्या गावकऱ्यांनीही, मतं दिल्याशिवाय एवढी वर्षं निवडून येत नाही कोणी.

---

ओंडका | ११ मार्च, रात्री ११.२०

आणि सगळे मिळून ध्यान केलं की देशात गुन्हे कमी होतात हा दावा? त्यावर कोणी बोलणार आहे का? मला तो अजिबात पटत नाही. त्यांचे पेपर त्यांचेच लोक लिहितात.

---

ब्लॉकवाला | १२ मार्च, सकाळी ७.१५

ओंडका, मलाही पटत नाही. मी तिथे वर्ष काढलं, ध्यानाने झोप चांगली लागायची, कोड तसाच फाटायचा. पण ताईंचा प्रश्न तिथे राहता येईल का हा आहे. येईल. राहायला देशातले गुन्हे कमी व्हावे लागत नाहीत, खोलीचा हीटर चालावा लागतो. माझ्या घरमालकाचा चालत नव्हता. लीज करताना हीटर लावून बघा, ऑगस्टमध्ये लाज वाटेल पण लावा.

---

कापूसकोंड्या | १२ मार्च, सकाळी ९.५०

अवांतर: काउंटी सीटवरून मारामाऱ्या झाल्यात माहितीये का? कॅन्ससमध्ये १२ जानेवारी १८८९ ला इंगल्स गावच्या लोकांनी सिमरॉन गावच्या कोर्टहाउसातली दप्तरं पळवायला भाड्याचे बंदूकवाले आणले. दप्तरं ज्या गावात ते काउंटी सीट, असा सरळ हिशेब. वॅगनमध्ये वह्या भरताहेत तेवढ्यात गावाला जाग आली, गोळीबार, काही जण वरच्या मजल्यावर अडकले, एक माणूस गेला. वह्यांसाठी!

---

निवृत्त_मामलेदार | १२ मार्च, सकाळी १०.२०

वह्यांसाठी काय म्हणता. ज्याच्याकडे दप्तर त्याच्याकडे गाव. आमच्याकडेही तालुका विभाजनाच्या वेळी मुख्यालय कुठे यावरून रास्ता रोको, उपोषणं, टायर जाळणं सगळं पाहिलंय. मुख्यालय आलं की एसटी डेपो येतो, कोर्ट येतं, वकील येतात, झेरॉक्सवाला येतो, चहावाला येतो. न आलेल्या गावाचं पंचवीस वर्षांनी जाऊन बघा.

---

कणसातला_माणूस | १२ मार्च, दुपारी १.४०

काकांचं वाक्य आयोवाला तंतोतंत लागू. रेल्वे गेली, कारखाना गेला, शाळा शेजारच्या गावात विलीन झाली, तरी ज्या गावात कोर्टहाउस आहे ते तग धरतं, कारण वकील, बँक, इन्शुरन्सवाला आणि दुपारी त्यांना सँडविच विकणारा हे चौघं तरी राहतात. फेअरफिल्डच्या दक्षिणेला कीओसाकवा आहे, हजाराच्या आत वस्ती, पण व्हॅन ब्युरेन काउंटीचं ठिकाण. १८४० च्या दशकातलं कोर्टहाउस, राज्यातलं सगळ्यात जुनं, अजून चालू. ते नसतं तर तिथे नदी आणि हरणं एवढंच उरलं असतं.

फेअरफिल्डची एक गोष्ट वेगळी आहे, कापूसकोंड्याने सांगितलं तसं कोर्टहाउस चौकात मधोमध नाही. चौकाच्या मध्ये बाग आहे, बँडस्टँड आहे. कोर्टहाउस जरा उत्तरेला, १८९० च्या दशकातली भक्कम दगडविटांची इमारत. चौकाभोवती दुकानं, कॅफे, गॅलऱ्या. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आर्ट वॉक असतो, सगळं गाव चौकात, कोणी गातंय, कोणी चित्रं मांडलीत, शेतकरी बूट घालून फिरताहेत आणि बाजूला कोणी साडीतली अमेरिकन बाई. एवढ्याशा गावात थिएटर पण आहे, २००७ चं, ब्रॉडवेच्या संगीत नाटकांचा संगीतकार स्टीफन सॉनडाइम याच्या नावाचं.

रेल्वेचं मात्र चिडायला होतं. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारी झेफिर नावाची गाडी फेअरफिल्डच्या मधून धडधडत जाते आणि थांबत नाही. चढायचं तर माउंट प्लेझंट नाहीतर ऑटमवा.

---

सिंहगड_एक्सप्रेस | १२ मार्च, दुपारी ३.००

म्हणजे तिथले लोक पण गाडी थांबवण्यासाठी निवेदनं देतात का? आमचं गाव ४० वर्षं देतंय.

---

वाटाणा | १३ मार्च, सकाळी ११.११

लेकीला घेऊन एल्डनला नक्की जा, जवळच आहे. ग्रँट वुडचं १९३० चं चित्र आहे ना, पिचफोर्क धरलेला म्हातारा आणि बाजूला आंबट चेहऱ्याची बाई, त्यामागचं टोकदार खिडकीचं पांढरं घर तिथे खरंखुरं उभं आहे. समोर उभं राहून फोटो काढायचा, कपडे पण मिळतात घालायला. आम्ही काढला. नवऱ्याला वेगळा चेहरा करावाच लागला नाही.

---

मुळशीकरीण | १३ मार्च, रात्री ८.३०

एवढं सगळं लिहिलंत, किती आभार मानू. प्रिंट काढून साबांना दिलीय. जाऊन आल्यावर, म्हणजे जाऊन राहिल्यावर, इथेच लिहीन.

---

टवाळ_टिकोजी | १३ मार्च, रात्री ८.३३

असं सगळेच म्हणतात.

---

मुळशीकरीण | १४ डिसेंबर, रात्री १२.२० (भारतीय वेळेनुसार)

टिकोजी, धागा वर काढतेय :)

चार महिने झाले. ऑगस्टमध्ये उतरलो तेव्हा मका डोक्याच्या वर. रस्ते बघून चक्कर आली, सगळे काटकोनात, दर मैलाला एक चौक, वळण नाहीच. मुळशीच्या घाटात वाढलेल्या बाईला गाडी शिकायला यापेक्षा सोपी जागा नाही, स्टिअरिंग धरून बसायचं फक्त. नंतर एका शेजाऱ्याने सांगितलं की जमीन मोजतानाच मैल बाय मैल चौकोन पाडले होते, एक चौकोन ६४० एकर. ऑक्टोबरात मका कापला आणि एका आठवड्यात सगळं उघडं पडलं. एवढं आकाश मी कधी पाहिलं नव्हतं, मला ते आवडलं नाही, खरं सांगते, दोन दिवस रडले.

हीटर ऑगस्टमध्ये लावून बघितला, घरमालकीण बाईंना हसू आलं पण लावून दाखवला. ब्लॉकवाला, तुम्हाला आशीर्वाद.

लेक शाळेत रुळली. वर्गात एक मुलगी शेतकऱ्याची, एक ध्यानवाल्यांची नात, एक इथिओपियन. सायरन वाजला की टेबलाखाली कसं बसायचं ते ती आम्हाला शिकवते. गावात एवढी हॉटेलं आहेत की लोक सांगतात डोई मोजली तर सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा जास्त, खरं-खोटं माहीत नाही, पण चौकातल्या कॅफेत मला मसाला चहा मिळाला आणि देणाऱ्या पंचाहत्तरीच्या गोऱ्या आजींनी ऋषिकेशच्या गोष्टी सांगितल्या. मी ऋषिकेशला गेलेलेच नाही, त्या सहा महिने राहिल्यात. फार खाली मान घालून चहा प्यायले.

आता कोर्टहाउस. जुनी गाडी घेतली, नोंदणीला गेलो. मी काकांसाठी मुद्दाम सगळं नीट बघून आले. लाकडी जिने, पावलांचा आवाज घुमतो. ट्रेझररच्या खिडकीत आमच्या पुढे एक शेतकरी, चिखलाचे बूट, तो आणि आतली बाई त्याच्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलत होते, मागे आम्ही चौघं उभे, कोणी घड्याळ बघितलं नाही. आमचा नंबर आला. तिने कागद बघितले, आडनाव तीनदा विचारलं आणि शेवटी मला म्हणाली तूच लिही. वीस मिनिटांत नंबर प्लेट हातात. अक्षरशः हातात, पत्र्याची, स्क्रू आपले आपण लावायचे.

बाहेर पडताना नवरा म्हणाला, पुण्यात एवढ्या वर्षांत आपल्याला एका तरी सरकारी कचेरीतली बाई नावाने ओळखते का? इथे तिने दुसऱ्याच आठवड्यात हाय-वीमध्ये हात केला आणि आडनाव पुन्हा चुकीचं उच्चारलं.

साबांना व्हिडिओ कॉलवर ती इमारत दाखवली. म्हणाल्या, बसायला बाकडी आहेत का? आहेत. त्यांचं समाधान झालं.

जूनपर्यंत इथे, मग त्याला काम जिथे मिळेल तिथे. डॅलस म्हणतोय. मला आता जरा जड जाणार आहे.

---

निवृत्त_मामलेदार | १४ डिसेंबर, सकाळी ५.५०

वीस मिनिटं? आणि एकही झेरॉक्स मागितली नाही?

---

मुळशीकरीण | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६.१५

एक मागितली काका. मशीन त्यांच्याच मागे होतं, तिनेच काढली.

---

निवृत्त_मामलेदार | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

मग आपला झेरॉक्सवाला खातो काय?

---

वाटाणा | १५ डिसेंबर, सकाळी ९.००

एल्डनला गेलात का ते सांगा आधी. आणि कढीपत्ता कुठे मिळतो तिथे?

---

मुळशीकरीण | १५ डिसेंबर, रात्री ११.०५

गेलो, फोटो काढला, पिचफोर्क मी धरला. कढीपत्त्याला आयोवा सिटीकडे जावं लागतं, तासभर. एका आजींनी कुंडीतलं रोप देते म्हटलंय, पण ते खिडकीत पूर्वेलाच ठेवायचं या अटीवर.